अक्काचे डोळे आणि कूलरची मोटर

अक्काला दिसत नाही हे जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त अक्काला. अक्का म्हणजे माझी आई. गल्लीतली लहानथोर माणसं तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायचे. तसेच वडीलही सगळ्यांचे नाना, माझेही नानाच.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू पिकत गेला, त्यामुळे तिला त्याची सवय होत गेली. तांदळातले खडे बोटांना लागतात, तिथे डोळ्यांचं काय काम, असं ती म्हणायची. एकदा सकाळी झाडांना पाणी घालता घालता तिने कुंपणापाशी उकिडवे बसून दात घासणाऱ्या शेजारच्या काकांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तिला ती कर्दळ वाटली होती. काका इतके भले की पुसून आत गेले, ब्र काढला नाही. आम्ही महिनाभर हसत होतो. पण भाकरी उलटताना तिने तापल्या तव्यावर अख्खा पंजा टेकवला, त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही.

धुळ्याला माझा मामा राहायचा आणि तिथेच डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता लांबवलं तर मोतीबिंदू डोळाच घेऊन जाईल. तरी दर हिवाळ्यात ठरायचं आणि दर हिवाळ्यात अक्का काहीतरी काढून मोडायची. खरं कारण एकच.

"मना झाडेस्ले पानी कोन देई?"

मी शाळेतलं मराठी बोलायचे, अक्का मात्र माहेरची अहिराणी सोडायची नाही, आणि तिच्यामुळे नानाही घरात तीच बोलायचे. पारोळ्याकडची होती ती.

तिची झाडं म्हणजे घरामागची चिंचोळी जागा. गुलाब, मोगरा, भिंतीवर चढवलेली नागवेल, आणि कोपऱ्यात नानांनी बांबू आणि हिरवी जाळी लावून केलेली एक खोपटी. आम्ही तिला थाटात ग्रीनहाऊस म्हणायचो. तिच्यात अक्काचे फर्न होते, तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या माठांत लावलेले. जळगावात, जिथे मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तिथे हिने फर्न जगवले होते. लोक मुद्दाम बघायला यायचे. आणि ती स्वतः ते बोटांनी बघायची. कुठल्या डब्यात नवी गुंडाळी उलगडतेय, कुठलं पान काठाने करपतंय, सगळं हाताला कळायचं तिच्या. एखादीने लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा तिचा हात त्या पानांवरून फिरायचा, आणि मला त्या पानांचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

ह्या झाडांपायी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलासुद्धा माहेरी जायची नाही. आमच्या खान्देशात दिवाळी एकीकडे आणि आखाजी एकीकडे. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण आखाजी येते ऐन उन्हाळ्यात. मामा दरवर्षी बोलवायचा आणि ही दरवर्षी म्हणायची, ह्या उन्हात झाडं टाकून कशी येऊ? माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, कारण मी एकाला बादली ओतायचे आणि दुसऱ्याला विसरायचे. नाना डाळ मिलमध्ये फिटर होते, त्यांची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. त्यांच्यावरही नव्हता.

हात भाजला त्यानंतरच्या रविवारी नानांनी कूलर उघडला आणि त्यातली पाण्याची मोटर काढली. मी बघत राहिले. होळी तोंडावर आली होती. जळगावात अशा दिवसांत कूलरची मोटर काढणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याने काहीतरी पक्कं ठरवलेलं असतं. मी म्हटलं, "नाना, आपण झोपायचं कसं?" ते म्हणाले, "खाटा अंगनमा काढू."

ठिबकच्या काळ्या नळ्या आमच्या गावाला नवीन नव्हत्या. केळीवाले शेतकरी तेव्हा धडाधड ठिबक बसवत होते आणि शेतीमालाच्या दुकानांत नळ्यांची भेंडोळी पडलेली असायची. पण ती केळीसाठी. डब्यातल्या झाडांना ठिबक लावणारे नाना आमच्या गल्लीत पहिलेच. त्यांनी एक ड्रम आणला, त्यात मोटर सोडली, ड्रमला नळाचं पाणी जोडलं आणि तो भरला की पाणी बंद व्हावं म्हणून कूलरचाच फ्लोट बसवला. प्रत्येक डब्यात एकेक नळी, नळीच्या टोकाला थेंब थेंब सोडणारं ठिबकचं बोंडूक. पहिल्या दिवशी मोटर बंद केली तरी पाणी आपलं वाहतच राहिलं आणि ड्रम रिकामा झाला. नाना डोकं खाजवत बसले, मग त्यांनी खड्डा खणून ड्रम अर्धा जमिनीत पुरला. पाण्याची पातळी नळ्यांच्या खाली गेली आणि वाहणं थांबलं.

सगळ्यात भारी होता टायमर. मिलच्या भंगारातून मागून आणलेला. घड्याळासारखी गोल तबकडी, कडेला खाचा आणि खाचांत पिना. तबकडी फिरत फिरत पिनेवर आली की मोटर चालू, पिन गेली की बंद. नानांनी पहाटेची वेळ लावली. पहाटे अंगणात मोटर आपोआप घुर्र झाली तेव्हा मी खाटेवर उठून टाळ्या वाजवल्या.

अक्काने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती डब्याडब्यापाशी गेली आणि मातीवर हात ठेवून म्हणाली, "वरतून कोरडं शे."

तिचं चुकत नव्हतं. तिला पाणी म्हणजे वरून दिसणारं, भिजवणारं पाणी ठाऊक. नाना तिच्याशेजारी बसले, तिचं बोट हातात घेतलं आणि मातीत दाबलं. खोल. अक्काने बोट आत फिरवून बघितलं. "आते ओल लागनी," ती म्हणाली. नानांनी बोट सोडलं नव्हतं. आमच्या घरात नवराबायकोने लेकरांसमोर असं हात धरून बसायची रीत नव्हती. मी उगाच चहा ठेवायला आत गेले आणि आत जाऊन मला रडू आलं.

होळी झाल्यावर आम्ही तिला धुळ्याला नेलं. आधी उजवा डोळा करायचा, डावा पुढच्या थंडीत. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी बांधलेली अक्का मामाच्या घरी खाटेवर बसवली. डॉक्टरांनी सोडतानाच सगळ्यांसमोर बजावलं होतं: वाकायचं नाही, खोकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि रडायचं तर अजिबात नाही, टाक्यांवर ताण येतो. मामी म्हणाली, अक्का कशाला रडतेय, सगळं तर चांगलं झालं. माझी परीक्षा होती आणि नानांची मिल. आम्ही दोघं जळगावला परतलो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. नानांची पाळी सकाळची, माझा अभ्यास मैत्रिणीकडे, घर दिवसभर बंद. पहाटे मोटर ऐकू येईनाशी झाली तेव्हा मला वाटलं, आपण गाढ झोपतो. मग फर्नच्या पानांचे काठ तपकिरी व्हायला लागले. ऊन वाढलंय, असं आम्ही म्हटलं. नानांनी तबकडीवरच्या पिना वाढवल्या, म्हणजे मोटर जास्त वेळ चालेल. पानं जास्तच कोमेजली. त्यांनी आणखी पिना वाढवल्या.

एका दुपारी पेपर लवकर सुटला म्हणून मी घरी आले. ऊन असं की फाटकाची कडी रुमालाने धरावी लागली. आणि मागच्या अंगणात मोटर चालू होती. भर दुपारी. मी धावत जाऊन नळी उचलली आणि टाकून दिली, हाताला चटका बसला. काळी नळी सकाळपासून उन्हात तापलेली. तिच्यातलं पाणी फर्नच्या मुळांशी थेंब थेंब पडत होतं, चहा टाकावा इतकं कढत.

माझा पारा चढला. मी ड्रमला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला. संध्याकाळी नाना आले, त्यांनी तबकडी बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि पायरीवर बसले. मला काही सांगावंच लागलं नाही. उन्हाळा लागला तशी आमच्याकडची वीज रोज दिवसाची जायला लागली होती. वीज गेली की टायमर थांबायचा, आली की जिथे थांबला तिथून पुढे चालायचा. पहाट रोज थोडी थोडी सरकत दुपारवर गेली. मिलमध्ये तोच टायमर कधी चुकला नव्हता, कारण मिलला जनरेटर होता. ज्या माणसाचा दिवस जनरेटरच्या आवाजात जातो, त्याच्या हे डोक्यात यावं तरी कसं?

गुलाब तगला, मोगरा तगला. नागवेल अर्धी गेली. फर्न बठ्ठे गेले, अक्काच्या शब्दांत सांगायचं तर. एकही राहिला नाही.

आता आमच्या जिवाला एकच घोर. अक्काला कळलं तर ती रडणार, आणि रडली तर डोळा जाणार. ज्या डोळ्यासाठी एवढा उपद्व्याप केला, तोच. नाना दर रविवारी मला घेऊन एसटीडी बूथवर जायचे आणि मामाच्या शेजारच्या दुकानात फोन लावायचे. अक्का फोनवर यायची आणि डोळ्याचं काही न सांगता आधी विचारायची, "मना फरन कसा शेतस?" नाना आयुष्यात खोटं बोललेले मला आठवत नाहीत. ते नुसतं "शेतस", आहेत, म्हणायचे, फोन माझ्या हातात द्यायचे आणि काचेबाहेर बघत उभे राहायचे. मग मी थापा मारायचे. मी इतक्या रंगून मारायचे की माझ्या तोंडून फर्नला नवी पानं फुटायची, मोगऱ्याचा वास बूथमध्ये यायचा. बाहेर आल्यावर आम्ही बापलेक एकमेकांकडे बघायचो नाही.

नानांनी टायमर काढून टाकला. मोटर परत कूलरमध्ये बसवा असं मी म्हटलं, तर नाही म्हणाले. मला वाटतं, कूलरच्या वाऱ्यात झोपायची त्यांना लाज वाटत होती. पाळीवर जायच्या आधी ते रोज हाताने पाणी घालायचे. फर्नची वाळलेली पानं कापून टाकली, पण डबे तसेच ठेवले. त्या बोडक्या डब्यांनाही पाणी. फर्नचा गड्डा पुन्हा फुटतो कधी कधी, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते रोज वाकून बघायचे. काही फुटत नव्हतं.

तेवढ्यात मामाचा निरोप आला. अक्का आखाजी करूनच येईल. इतक्या वर्षांनी माहेरची आखाजी मिळतेय, आणि झाडांची सोय नानांनी केलीच आहे. निरोप ऐकून मला हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगते, नंतर मामीने सांगितलं की अक्का डोळ्यांवर काळा चष्मा लावून झोक्याजवळ बसली होती आणि तिने आठवतील तेवढी सगळी गाणी म्हटली, तेव्हा मला त्या कूलरच्या मोटरचे पाय धरावेसे वाटले.

आखाजीनंतर ती आली. मामा सोबत होता, रिक्षा थेट फाटकापाशी. नवा जाड भिंगाचा चष्मा, नवं लुगडं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस आता संपले होते, तरी आम्हाला धोका पत्करायचा नव्हता. ठरल्याप्रमाणे मी तिला बोलण्यात गुंतवून आत नेणार होते आणि नाना तिला उद्या सावकाश सांगणार होते. आमच्या फाटकातून बाजूच्या बोळाने मागचं अंगण थोडं दिसायचं. म्हणून नाना त्या बोळाच्या तोंडाशी उभे राहिले, हात मागे बांधून, आत शिरणाऱ्या कुत्र्याला अडवावं तसे.

अक्का रिक्षातून उतरली. माझ्याकडे बघितलं, माझ्या गालाला हात लावला, बारीक झालीस म्हणाली. मग नानांसमोर जाऊन उभी राहिली आणि बघतच राहिली. चष्मा एकदा काढला, पदराने पुसला, परत लावला. मी तिचा हात धरून ओढलं, पण ती हलेना.

नानांना ते सोसेना. ठरवलेलं सगळं विसरून ते म्हणाले, "फरन गयात. मीच मारात. गरम पानी गये त्यास्ले."

"देखात मी," अक्का म्हणाली. "फाटक उघडताच देखात. झाडं परत लावता येतीन." तिने हात वर करून त्यांच्या डोक्याला लावला, अंगणात, माझ्यासमोर, तिच्या भावासमोर, रिक्षावाल्यासमोर. "पन तुमना केस कव्हय पिकनात? इतला वरीस माले कोनी सांगं बी नही."

तिचा हात पोचावा म्हणून नानांनी मान थोडी खाली केली.