भिऊ नको गो, मी हाय

शनिवारी दुपारी पेणला आमच्या चर्चमागच्या खोलीत मुलांचा क्लब भरतो. तीन ते पाच वर्षांची सगळी चिल्लीपिल्ली माझ्याकडे. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे बायबलमधलं वचन पाठ करून घ्यायचं ते टाळ्या वाजवून, हातवारे करून, बेडकासारख्या उड्या मारून. एका शब्दाला एक उडी. घरी जाईपर्यंत माझे गुडघे बोलायला लागतात, तरी शनिवार कधी येतोय असं मला होतं.

एकदा वचन होतं, ‘तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ रोह्याच्या चर्चमध्ये दोन्हीकडच्या मुलांचा कार्यक्रम ठरला होता आणि तिथे आमच्या मुलांना ते म्हणायचं होतं. सगळ्यांचं पाठ झालं. राहिली एकटी कासू गावाहून येणारी चार वर्षांची मुलगी. तिची आई तिला दर शनिवारी न चुकता घेऊन यायची, पण हिची गाडी ‘कारण’पाशी अडायची.

“भिऊ नको, कारण... कारण काय, टीचर?” ती मलाच विचारायची. बाकीची खिदळायची, तीसुद्धा त्यांच्यात हसायची.

“घरी म्हणतेस का गो?”

“म्हणते ना. कोंबड्यांसमोर.”

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही ट्रेनने रोह्याला गेलो. मुलांनी डबा डोक्यावर घेतला. नागोठणं गेलं तरी वचन चालूच होतं. समोरच्या बाकावरच्या एका आजोबांचंही ते पाठ झालं असणार.

रोह्याचं चर्च गच्च भरलं होतं. आमची रांग पुढे उभी राहिली. सुरुवातीला एकटीने वचन म्हणायचं होतं क्लबमधल्या सगळ्यात लहान, रामवाडीच्या मुलीने, कारण तिचे शब्द सगळ्यात स्वच्छ. तिने माईकसमोर तोंड उघडलं आणि माईक कर्कश किंचाळला. पोर जागच्या जागी थिजली. ओठ थरथरले, डोळे भरले. मागे तिची आई उठून उभी राहिली. मीही पुढे निघाले.

माझ्याआधी कासूची पोहोचली. रांग सोडून ती तिच्याजवळ गेली, हात धरला आणि म्हणाली, “भिऊ नको गो. मी हाय ना तुझ्यासंगं.”

माईक चालूच होता. ते शब्द सगळ्या चर्चभर घुमले.

लोकांना वाटलं, मैत्रीण समजूत घालतेय. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. अगं, हेच तर वचन! तिने आख्खं म्हटलं होतं, अर्थ जराही न सांडता, फक्त ‘कारण’ वगळून!

रामवाडीच्या छोटीने फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं, हात काही सोडला नाही, आणि खणखणीत आवाजात वचन म्हणून दाखवलं. मागून आमची सगळी रांग उड्या मारत वचनावर तुटून पडली. टाळ्या थांबेनात. मी तर बाजूला उभी राहून मुलांबरोबर उड्याच मारत होते, साडी सांभाळत.

कार्यक्रमानंतर रोह्याचे म्हातारे पाळक माझ्याजवळ आले. “टीचर, हे भाषांतर कुणाचं?”

“आमच्या कासूचं,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

परतताना कासू स्टेशनवर तिचे पप्पा घ्यायला आले होते, कंपनीच्या शिफ्टवरून थेट, गणवेशातच. “पप्पा, मी माईकवर बोलली!” तिने दारातूनच ओरडून सांगितलं. त्यांनी तिला उचलून घेतलं आणि काळजीने मला विचारलं, “वचन बरोबर म्हटलं ना हिनं?”

“एकदम बरोबर!” मी ओरडले. गाडी सुटलीच होती.

पुढच्या शनिवारी नवं वचन सांगितलं आणि उड्या मारायच्या आधी मुलांना विचारलं, “हेच तुम्ही घरी कसं म्हणाल?” सगळी एकदमच बोलायला लागली.