सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

मी संशयी आहे, हे मला लग्नाआधीपासून सगळे सांगत आलेत. दूधवाला गोड हसला तरी मी आधी दुधाकडे बघते. आमचे हे म्हणतात, "तुला देव भेटला तरी तू त्याच्याकडे ओळखपत्र मागशील." मागेनच! का नाही मागायचं? तर अशी बाई आपल्या नणंदेबद्दल सांगायला बसलीय, तेव्हा जरा सांभाळूनच ऐका.

माझी नणंद यांच्यापेक्षा चांगली सहा वर्षांनी मोठी, पण घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. कारण उघड आहे. सासरे ताडमाड, हे ताडमाड, फोटोतल्या सासूबाईसुद्धा उंच, आणि ही मधेच एवढीशी. मी तिला ताई म्हणते. उंचीपायी तिचं लग्न राहिलं. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, जरा उभी राहा म्हणायचे, आणि कळवतो म्हणून निघून जायचे. नोकरीचंही तेच. एका दुकानाने तिला तोंडावर सांगितलं, की बाई, तुम्ही काउंटरच्या मागे दिसतच नाही.

म्हणून एका बिल्डरच्या ऑफिसात तिला पहिल्याच मुलाखतीत घेतलं, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. मी विचारलं, "काय काय विचारलं हो?"

"फारसं काही नाही गं. दाराच्या चौकटीपाशी उभी राहा म्हणाले. मालक लांबून बघत होते. मग म्हणाले, उद्यापासून या."

"चौकटीपाशी कशाला?"

"गणवेशाचं माप घेत असतील."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माप शिंपी घेतो, टेपने. मालक लांबून डोळे बारीक करून घेत नाही. पण बाई इतकी खुशीत होती, की मी जीभ आवरली. ती सगळ्यांना सांगत सुटली, "माझं बोलणं आवडलं त्यांना. बोलणं!"

तिचं काम होतं सॅम्पल फ्लॅट दाखवायचं. इमारत अजून खड्ड्यात होती, पण ऑफिसच्या मागे त्यांनी नमुन्याचा एक फ्लॅट उभा केला होता. तुम्हाला मिळणार तो अस्साच म्हणून. बाहेर सोफा, पलीकडे ओटा, आतल्या खोलीत पलंग, आणि सगळ्यावर पाट्या: कृपया बसू नये. बसायची मुभा एकट्या ताईला. मालकांच्या सांगण्यावरून ती गिऱ्हाइकांसमोर त्या पलंगावर आडवी व्हायची आणि म्हणायची, "बघा, पायाशी केवढी जागा उरते." हे ती अशा मनापासून म्हणायची, की माणसं तिथल्या तिथे बुकिंग करायची. खोटं तिला बोलताच येत नाही. मी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघतेय, एकदाही सापडली नाही.

मग सासरे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि घरात चाकांची खुर्ची आली. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंगापाशी खुर्ची जायची नाही, खुर्ची गेली तर वळायची नाही. बाथरूमला जायचं म्हटलं की हे त्यांना काखेत धरून उचलायचे, मी पाय धरायची, ताई दार धरायची. जन्मभर ताठ चाललेला माणूस. डोळे मिटून घ्यायचा. एकदा म्हणाले, "तीन माणसं लागतात मला. वरातच निघते की माझी." आम्ही हसलो आणि नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आम्हाला फार काही नको होतं. पलंग टाकून बाजूने खुर्ची फिरेल आणि बाबा आपले आपण बाथरूमला जातील, एवढी खोली हवी होती.

"आमच्याकडे आहे ना!" ताई म्हणाली.

आम्ही बघायला गेलो. मी पाटीकडे दुर्लक्ष करून सोफ्यावर बसले तर गुडघे हनुवटीकडे आले. आजूबाजूला बघितलं. दारावरचा रखवालदार बुटका, पाणी देणारी बाई बुटकी, हिशेबाचा माणूससुद्धा तसलाच.

"ताई, इथे सगळेच असे कसे हो?"

ती खळखळून हसली. "हो ना! इथल्या सगळ्यांच्या फोटोत मी पुढे नाही, मधल्या रांगेत आहे, बघितलास?"

आतल्या खोलीत ती पलंगावर आडवी झाली. पायाशी जागा होती, बाजूला खुर्ची दोनदा फिरली असती. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, पण कुठे ते सापडेना. शेवटी मी विचारलं, "यात तुम्हाला किती सुटतात?" तिचा चेहरा पडला. "माझ्या वडिलांच्या खोलीत मी पैसे खाईन का गं?" हे माझ्याकडे असे बघायला लागले, की मी गप्प बसले. आम्ही बुकिंग केलं.

वर्षभरात नवा कायदा आला. घरं विकणाऱ्यांनी काय छापायचं, काय दाखवायचं, सगळ्याला नियम. ऑफिसात त्यासाठी एक बाई नेमली, तिला सगळे कायदेवाली म्हणायला लागले. तिने जाहिरातीतला तलाव काढायला लावला. बाल्कनी, भिंती, जिना सगळं धरून सांगायचं ते क्षेत्रफळ बंद, आता फक्त पायाखालची फरशी मोजायची. आणि सॅम्पल फ्लॅट खऱ्या मापाचा हवा, सामानासकट.

ताई वैतागून घरी यायची. "त्या कायद्याने खोलीची पार रया घालवली बघ. नवं सामान आणलंय. सुतार कुठून धरून आणलाय कोण जाणे, एवढाले धोंडे करून ठेवलेत! आतली खोली कोंदून गेली. पलंगाच्या बाजूने मीच तिरकी होऊन जाते."

मी कान टवकारले. "आणि जुनं सामान?"

"मालकांनी आम्हालाच वाटून टाकलं. मी बाबांसाठी तो पलंग मागून घेतलाय. फुकट!"

मालक आणि फुकट? हे दोन शब्द मी एका वाक्यात कधी ऐकले नव्हते.

पलंग टेंपोतून आला. ताईने स्वतः पुसला, चादर घातली. चादर दोन्हीकडून लोंबायला लागली. मी आणि यांनी बाबांना उचलून त्यावर ठेवलं. डोकं उशीवर गेलं आणि अर्ध्या पोटऱ्या पलंगाबाहेर राहिल्या.

बाबांनी मान उचलून आपल्या पायांकडे बघितलं, मग लेकीकडे. "चिमणे, हा कुणासाठी केलाय गं?"

माझा तर तोल सुटला. "सांगत नव्हते मी? सोफा लहान, पलंग लहान, म्हणून खोली मोठी! तुम्हाला माहीत होतं, ताई. रोज दाखवत होतात. आपल्या बापालाही तेच दाखवलंत?"

बाबांना आम्ही परत त्यांच्या पलंगावर ठेवल्यावर ताई त्या छोट्या पलंगावर आडवी झाली, रोज व्हायची तशी. मापात बसली. पायाशी जागा उरली.

"मला पुरायचा गं," ती म्हणाली. "मला कसं कळणार?" मग तिने पडल्या पडल्या दाराच्या चौकटीकडे बघितलं. "म्हणून चौकटीपाशी उभं केलं होतं. दार मोठं दिसतं का बघायला." आणि शेवटी, अगदी हळू, "मला वाटलं होतं, मी चांगलं बोलते."

मला अशी लाज वाटली म्हणून सांगू! माझा संशय बरोबर निघाला होता, आणि नेमक्या चुकीच्या माणसावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात कायदेवालीला सगळं सांगितलं. ती बाई हतबल होऊन म्हणाली, "हे मला सांगायला नको होतं हो. आता मला माहीत आहे असं होईल." पण ती कामाला इमानी निघाली असावी, कारण जाता जाता पुटपुटली, की ज्यांना खोटं दाखवून विकलं त्यांना बुकिंग रद्द करून सगळं परत मागता येतं, फक्त खोटं दाखवलं हे पटवून द्यावं लागतं. जुन्या सामानाचं काय झालं? सोफा कुणी जाळला होता, कपाटाच्या फळ्या झाल्या होत्या. पुरावा म्हणून शाबूत उरला होता तो आमच्याकडचा पलंग.

संध्याकाळी दाराशी दोन हमाल हजर. मागे नवाकोरा पलंग, हा लांबरुंद, पॉलिश चकाकतंय. "मालकांनी बाबांसाठी पाठवलाय. तो जुना परत द्या."

मी दारातच आडवी उभी राहिले. एवढं प्रेम? एका दिवसात? तेवढ्यात ताईचा फोन वाजला. मालकच होते, आवाज आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. आपल्या माणसाची गैरसोय झालेली त्यांना बघवत नव्हती. आणि हो, ताईला ते विक्रीची मुख्य करणार होते, केबिनसकट.

बाबा त्या नव्या पलंगाकडे बघत होते. त्यांना तो आवडला होता, दिसतच होतं. ताईनेही ते पाहिलं. जन्मभर सगळ्यांनी नाकारलेल्या बाईला केबिन म्हणजे काय, ते मला कळत होतं.

"मालक," ती फोनवर म्हणाली, "बाबांना पलंग आहे. खोली नाहीये." आणि फोन ठेवला. हमालांना मी पाणी पाजून वाटेला लावलं.

त्या कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाकडे आम्ही तक्रार केली आणि सुनावणीच्या दिवशी पलंग घेऊन गेलो. प्राधिकरणाचं ऑफिस वरच्या मजल्यावर. शिपाई म्हणाला, लिफ्टमध्ये पलंग जात नाही, उगाच त्रास घेऊ नका. आमचा हा पलंग अलगद आत गेला. शिपाई डोकं खाजवत राहिला.

मालकांचा वकील सुरेख बोलत होता. हा लहान मुलाचा पलंग आहे, कुठूनही आणला असेल. आणि समजा सॅम्पल फ्लॅटमधलाच असला, तर दाखवत कोण होतं? याच बाई ना? वर्षानुवर्षं दाखवला आणि यांना कळलं नाही? की आता नोकरीचं काही बिनसलंय?

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून ताईकडे बघितलं. "बोला बाई. तुम्हाला कधीच शंका आली नाही?"

ताई उठली. टेबलामागून तिचं डोकं तेवढं दिसत होतं, म्हणून ती पुढे आली. "नाही साहेब. मला पुरायचा. मला पुरतो म्हणूनच मला घेतलं होतं. मी घरी सगळ्यांना सांगायचे, माझ्या बोलण्यावर घेतलं. तसं नव्हतं. रखवालदार, पाणी देणारी, सगळे आम्ही मापाने निवडलेले. बोलावून बघा, इथे ओळीने उभे राहतील." आणि ती सगळ्यांसमोर चपला काढून त्या पलंगावर आडवी झाली, हात पोटावर ठेवले आणि गिऱ्हाइकांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "बघा, पायाशी केवढी जागा उरते. आता माझ्या भावाला झोपवा."

मागच्या बाकावर दोघंतिघं हसले. मला उठून त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मग आमचे हे पलंगावर झोपले, पाय हवेत लोंबकळले, आणि कुणी हसलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. ज्यांना हवं त्यांचे बुकिंगचे पैसे परत. ताईची नोकरी अर्थातच गेली. कायदेवालीचीही गेली म्हणतात, पण त्याबद्दल मला खात्री नाही, आणि खात्री नसलेलं मी सांगत नाही.

मग जागा शोधायचं काम ताईने हातात घेतलं. जुनी का असेना, तळमजल्याची. प्रत्येक ठिकाणी ती आधी भावाला फरशीवर उताणं झोपवायची आणि रिकामी खुर्ची त्याच्याभोवती फिरवायची. घरमालक बघतच राहायचे. एकाने विचारलं, "ही काय तऱ्हा?" ताई म्हणाली, "आम्ही आधी माणूस मोजतो, मग खोली." यांचे तीन शर्ट मळले. चौथ्या घरात खुर्ची अडखळल्याशिवाय बाथरूमपर्यंत गेली.

तिथे राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मला चाकांचा आवाज आला. हे उठायला लागले तर मी त्यांचा हात धरला. चाकं पलंगाला वळसा घालून गेली, थांबली, आणि आतून कडी लागली.

मी पडले संशयी! गेले आणि बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहिले. पडलेबिडले तर?

"कोण आहे बाहेर?" आतून बाबा गरजले. "जा तिकडे! माणसाला जरा एकटं सोडाल की नाही?"

बाहेरच्या खोलीत आपल्या त्या छोट्या पलंगावर ताई उठून बसली होती. "ऐकलंस?" ती म्हणाली. "हाकललं आपल्याला." आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले, गुडघे हनुवटीशी आले, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून रडलो, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.