चार बोटं खाली

युद्धामुळे पेट्रोलची बोंब होती, मोटारी क्वचित धावत. तरी हेडमास्तरांना मुलांची सहल नगरहून पारनेरला न्यायचीच होती, सायकलींवरून. "आधी तुम्ही दोघं वाट बघून या. ज्याला झेपेल त्यानं सहल न्यावी," असं त्यांनी मला आणि दिगंबरला सांगितलं. दिगंबर आमच्याच शाळेतला, गणिताचा मास्तर. सहल मला हवी होती, आणि त्याला ती मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

सुप्यापर्यंत रस्ता बरा आहे, फक्त कामरगावचा घाट जीव काढतो. दिगंबर तिथे शीळ घालत वर गेला. माझ्या मांड्या गुडघ्यांच्या वर नुसत्या पेटल्या होत्या. "दमलास का रे?" त्यानं विचारलं. फार झोंबलं मला ते.

सुप्याला चहा जरूर घ्या. पुढे पारनेरपर्यंत धूळच खायची आहे. पारनेरच्या खाणावळीत पिठलं-भाकरी झकास मिळते. दिगंबर चौथी भाकरी मागत होता आणि मला मांडी घालून बसता येईना. तो गाव बघायला गेला तेव्हा मी तालमीतल्या वस्तादांकडून पाय चोळून घेतले.

"पुढनं निस्ता दगड झालाय, मास्तर," वस्ताद म्हणाले, "अन् मागली मांडी बसून खातीय. सायकलीची सीट लई खाली हाय का?"

"खालीच ठेवतो. वडीलधारं कुणी दिसलं की पटकन पाय टेकून उतरावं लागतं. मास्तरानं सीटवरून नमस्कार केलेला बरा दिसत नाही."

"तुमचा नमस्कार गुडघ्याला महाग पडतुया. दोन बोटं वर घ्या. पाय लांबला की मागचंबी राबंल."

दिगंबरची सीट उंच होती. तो उडी मारून उतरे, आणि मेल्याला तेही शोभे.

सकाळी तो आंघोळीला गेल्यावर मी पाना काढला. माझी सीट दोन बोटं वर घेतली. मग त्याची चांगली चार बोटं खाली केली. त्याला सायकलीतलं काही कळत नाही. दुकानातून आली तशी तो चालवतो. माझा हात जरासुद्धा कचरला नाही, हे सांगून टाकतो.

परतताना समोरून वारा होता, पण माझे पाय मोकळे चालले. पोटऱ्याही ओढत होत्या, मागच्या मांड्याही. दिगंबर मैलभर मागे. सुप्याला तो पोचला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"गुडघे धरलेत," तो म्हणाला. "माझंच काहीतरी बिघडलंय."

सोमवारी हेडमास्तरांपुढे तोच आधी बोलला. "सहल यांना द्या, सर. जाताना यांचे पाय असेच भरून आले असणार, पण यांनी चकार शब्द काढला नाही. ते दुखणं काय असतं, मला येताना कळलं."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "नेतो, सर," मी म्हणालो.

तुम्ही जाणार असाल तर सीट नीट लावून घ्या. टाच पायडलवर ठेवून ते तळाशी नेलं की पाय सरळ व्हायला हवा. सहलीतल्या प्रत्येक मुलाची सीट मी तशी लावून दिली. दिगंबरची नाही दिली, कारण मग खरं सांगावं लागलं असतं. तो हल्ली शाळेत पायी येतो. सायकल त्यानं विकायला काढली आहे, आणि ती तूच घे, तुझ्यासारख्याकडेच शोभेल, म्हणून माझ्या मागे लागलाय.