मिचिको आजींचा दोर

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. अमावस्येला नवी गाडी घरी आणणारी बाई मी! त्यामुळे हे लिहितानाही स्वतःचाच वैताग येतोय.

आम्ही इथे परदेशात, श्रूजबरीत राहतो. शेजारच्या मिचिको आजी ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या जपानमधल्या एका लहानशा कोळ्यांच्या गावातल्या. तिथे बायका श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बुडी मारायच्या, मोठाले शिंपले काढायच्या. कमरेला दोर... आणि वर होडीत नवरा दोर धरून बसलेला. खालून हिसका आला की त्याने ओढून घ्यायचं. दोर हातातच धरायचा, होडीला बांधायचा नाही, हा गावाचा नियम.

आजींचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या बेसमेंटमध्ये उतरतानाही कमरेला दोर बांधतात आणि वरचं टोक धरायला मला बोलावतात. बेसमेंटमध्ये! तेरा पायऱ्या! वर्क फ्रॉम होम म्हणजे रिकामटेकडी, हा समज जपानमध्येही असावा.

त्या मंगळवारी दुपारी नेमकी माझी मीटिंग.

"आजी, आफ्टर टेन मिनिट्स, प्लीज!"

"यू होल्ड," म्हणत त्या उतरल्यासुद्धा.

मी चरफडत दोर दाराच्या मुठीला बांधला, चांगली पक्की गाठ मारली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला.

परत गेले तर आजी वर, स्वयंपाकघरात आडव्या पडलेल्या. चेहरा पांढराफटक. त्यांची एक चप्पल मात्र खाली, जिन्याच्या तळाशी, फुटलेल्या बरणीशेजारी. आणि मुठीवरची माझी गाठ तुटलेली नव्हती... सोडलेली होती.

अँब्युलन्सवाल्याने विचारलं, "हर हिप इज ब्रोकन. हू कॅरीड हर अप?"



हॉस्पिटलमध्ये आजी माझ्यावरच डाफरल्या. "आय फॉल, आय पुल रोप. यू टाय! माय हजबंड कम. ही व्हेरी अँग्री."

घरी माझा नवरा म्हणतो, "अगं, ॲड्रेनालीन. सरपटत आल्या असतील."

"आणि गाठ?"

"सैल बांधली असशील."

वाद घालून घालून मी थकले. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. भीतीही वाटत नाही, खरं सांगते. लाज वाटते. त्या मीटिंगमध्ये मी एक शब्दही बोलले नव्हते.