डाव्या हाताचं अक्षर

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत बाईंचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. येईल त्याला प्रवेश. कला महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी करणारी एक हुशार मुलगी, हात थरथरणारे निवृत्त ड्रायव्हरकाका आणि तिशी ओलांडली तरी चार शब्दांपलीकडे न बोलणारी चिमणी, सगळे एकाच लांब टेबलाला. ज्याला ब्रश धरवत नसे, त्याच्या ब्रशला बाई फडकं गुंडाळून दांडा जाड करून द्यायच्या. चिमणीचं सफरचंद निळं झालं तर म्हणायच्या, "असू दे, आपल्याला कुठे खायचंय!"

बाईंचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस. सगळे त्यांना पेंटर म्हणत. छापील बोर्ड आले, कामं रोडावली, तरी काही जुने दुकानदार त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाटीला हात लावू देत नसत.

एका सकाळी दात घासता घासता त्यांची उजवी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलातून घरी आले ते काठी टेकत. बोलणं हळूहळू परतलं, हात काही परतला नाही.

बाईंना वाटलं, हे तर आपलंच काम. त्यांनी कागद, रंग, जाड दांड्याचा ब्रश पुढ्यात मांडला. "अहो, डाव्या हाताने बघा तरी."

पेंटरांनी तोंड फिरवलं. "तुझ्या त्या मुलांत मला बसवू नकोस."

हे बाईंना फार लागलं. "त्यांना लाज वाटत नाही, तुम्हालाच वाटते," त्या बोलून गेल्या. मग कितीतरी दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

आणि एका दुपारी वर्ग चालू असताना जिन्यात काठी वाजली. एकेक पायरी करत पेंटर वर आले आणि धापा टाकत चिमणीशेजारी बसले. तिने काही न विचारता आपला ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला. बाई मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

पेंटरांनी एकच अक्षर काढलं, 'अ'. तेवढ्यानेच त्यांना घाम फुटला. काना कललेला, रेघ भलतीकडेच गेलेली. चिमणीने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी वाकून पाहिलं. "छान झालंय हो," त्या म्हणाल्या. सगळ्यांना म्हणत, त्याच आवाजात.

पेंटर त्यांच्याकडे बघत राहिले. "तू तरी खोटं बोलू नकोस गं. मला अक्षर कळतं."

ड्रायव्हरकाका पेंटरांना हात धरून खाली सोडून आले.

पेंटर पुन्हा वर आले नाहीत. संध्याकाळी दोघं खिडकीशी चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत. अक्षर वाईटच होतं, तरी मला ते हवं होतं, एवढंच बाईंना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता थंडीत ते गेले.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा चिमणीने शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून विचारलं, "काका?"

"नाहीत गं," बाई म्हणाल्या आणि पाणी बदलायच्या निमित्ताने नळाशी गेल्या.

घरापासून वर्गापर्यंतचा सरळ रस्ता पेंटरांनी रंगवलेल्या पाट्यांखालून जातो. बाई हल्ली मागच्या गल्लीतून, लांबून येतात. उशीर होतो. मुलं जिन्यात बसून त्यांची वाट बघतात.