वर काय कोरलंय?

क्षमा मागून माणूस मोकळा होतो, यावर माझा विश्वास उरला नव्हता. संवत्सरी झाली की आम्ही जैन माणसं ओळखीच्या प्रत्येकाला ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणतो. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणून. बेलापुरातल्या दुकानात बसून मी मोबाईलवरून सगळ्यांना तो निरोप धाडायचो, गिऱ्हाइकांनासुद्धा. फक्त कोपरगावच्या थोरल्या बहिणीला नाही. भांडणाच्या रागात बाबांचं शेवटचं दुखणं मी तिला कळवलं नव्हतं. ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती. लोक अजून समजतात, तिलाच यायला उशीर झाला. मीही तसंच समजू दिलं.

यंदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरकडे काम निघालं. संवत्सरीचा उपवास सोडायचाही राहिला. वाटेत आमचं एक संगमरवरी जैन मंदिर लागलं. आत गेलो खरा, पण मूर्तीकडे बघवेना, म्हणून एका खांबाआड बसलो. शेजारी काठी टेकून एक वाकलेली म्हातारी उभी होती.

“भाऊ, माझी मान वर होत न्हाई. वर काय कोरलंय, सांगता का?”

मी वर पाहिलं आणि दिसेल ते तिला सांगू लागलो. घुमटातून दगडाचं कमळ खाली लोंबत होतं. पाकळ्या इतक्या पातळ, की उजेड आरपार यावा. भोवती नर्तकी, प्रत्येकीचा चेहरा निराळा, पैंजणाचा मणी न मणी सुटा. खालून कुणाला सहसा दिसणार नाही अशा कोपऱ्यात एक पोपट होता. त्याचंही पीस न पीस कोरलेलं.

“बास, पाहिलं मी,” तिने हात जोडले. “तुमची मान अवघडली असंल. मिच्छामि दुक्कडम.”

एवढ्याशासाठी तिने माफी मागितली. मी उठून पायऱ्यांवर आलो आणि बहिणीला फोन लावला.

“का रे, यंदा यादीत माझं नाव निघालं व्हय?”

“ताई, बाबांचं दुखणं मी मुद्दाम कळवलं नव्हतं.”

“ठाऊक हाय मला. तू कधी सांगतोस, तेवढंच बघत हुते.” मग म्हणाली, “पारणं केलंस?”

“नाही.”

“मग इकडं ये. माझ्या हातचं कर.”

परत आत गेलो तर म्हातारी निघून गेली होती. तिला कुणी पाठवलं, हे मी विचारत नाही. तिने सांगितलं म्हणून मी वर पाहिलं, माझ्याकडून घडलं ते एवढंच. दुपारी ताईने मुगाच्या पाण्याची वाटी पुढ्यात ठेवली, तेव्हा मान आपोआप खाली गेली.