माहेरच्या नावाचा ईमेल

बसवकल्याणच्या आमच्या घरातल्या त्या दुपारी अजून माझ्या डोळ्यांपुढे तरंगत येतात. आत आई ज्वारीच्या कडक भाकऱ्या शेकतेय, बाहेरच्या खोलीत मॉडेम किरकिर करत इंटरनेट शोधतोय, आणि दारातलं ऊन हळूहळू आत सरकतंय. पोटापाण्यासाठी पुण्याला, हैदराबादला गेलेली आमच्याकडची माणसं ईमेलवर भाकऱ्या मागवायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, डबे बसमध्ये चढवून द्यायचे.

ईमेल उघडताना इंटरनेट कंपनीच्या माणसानं नाव विचारलं. आईनं मान खाली घालून एक नाव सांगितलं. मी ते घरात कधी ऐकलंच नव्हतं.

"कुणाचं गं हे?"

"माझंच की. माहेरचं."

लग्नात ताटातल्या तांदळावर अप्पांनी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि जुनं गेलं. पसंती नवऱ्याची, जन्मभर वागवायचं बायकोनं! या रिवाजाचा मला अजून राग येतो. त्यात अप्पांनी त्या नव्या नावानंही तिला कधी हाक मारली नाही. त्यांचं आपलं 'ऐकलीस का'. आणि जुनं नाव घेणारं माहेरी कुणी उरलं नव्हतं.

परगावच्या गिऱ्हाइकांना यातलं काय ठाऊक? ती त्याच नावापुढे अक्का जोडून लिहायची. मी मेल वाचून दाखवायचे. किती भाकऱ्या ते आई एकदाच ऐकायची, पहिली ओळ मात्र "परत वाच" म्हणायची. मग पिठाचे हात तसेच ठेवून कुठंतरी बघत बसायची. तेवढा वेळ ती माझी आई नसायची, कुणाची तरी लहान मुलगी असायची. मला ती तशी फार आवडायची.

अप्पांचं दुखणं वेगळंच. नेट चालू झालं की फोन बंद. "फोन कामून लागंना?" म्हणत ते बाजारातून तणतणत यायचे. शेवटी त्यांनी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचं ठरवलं. जुनं बंद केलं की त्या कंपनीचा ईमेलही जाणार, हे कळलं तेव्हा मी आईकडे बघितलं. आई काठवटीत पीठ मळत म्हणाली, "जाऊ द्या. एकदा गेलतंच की ते."

नव्या कंपनीचा माणूस येऊन कॉम्प्युटरपुढे बसला. "कनेक्शन तुमच्या नावावर हाय, मेलबी तुमच्याच नावानं करतो," म्हणाला. ते ऐकून आई उठून स्वयंपाकघरात गेली.

"माझं नको," अप्पा म्हणाले, आणि एकेक अक्षर सांगायला लागले. सांगताना अडखळत होते. पंख्याच्या घरघरीत त्या माणसाला नीट ऐकू गेलं नाही.

"काय म्हणलाव?"

मग अप्पांनी ते माहेरचं अख्खं नाव मोठ्यानं घेतलं, हाक मारावी तसं.

आतून आईनं ओ दिली.